खिंडीतलं माहेर

आमच्या खालच्या मजल्यावर एक साहेब राहतात. बँकेतून निवृत्त झाले आणि डोंगरांच्या नादी लागले. रविवारी पहाटे पाठीला पिशवी, हातात काठी, असा त्यांचा दहा-पंधरा जणांचा घोळका गाडी करून निघतो. सोलापुरात कुठला आलाय डोंगर, असं तुम्ही म्हणाल. शहराभोवती नाहीच. पण बार्शी ओलांडून वर गेलं की बालाघाटाचे डोंगर लागतात, तिथं जातात. एका दरीतून चढायचं, धारेवरून चालायचं, दुसऱ्या दरीत उतरायचं, वाटेत गाव लागलं की चहा प्यायचा. आणि सोमवारी जिन्यात भेटेल त्याला फोटो दाखवायचे.

संक्रांत होऊन गेली होती. मी भाजी घेऊन जिना चढत होते, तर साहेबांनी मला थांबवलं.

"आज्जी, हे बघा. खिंडीत कुणीतरी दगडांचा ढीग रचलाय. निम्मे काळे, निम्मे पांढरे. आमच्यात पैज लागलीय. कुणी म्हणतं देव आहे, कुणी म्हणतं मोजणीवाल्यांची खूण आहे. तुम्ही त्याच भागातल्या ना? तुम्हाला काय वाटतं?"

मी फोन डोळ्यांजवळ धरला. म्हटलं, "ते माझं माहेर आहे."

साहेब हसले. म्हातारी चेष्टा करते असं वाटलं असेल त्यांना. मीही हसले, पिशवी उचलली आणि वर आले. दार लावून घेतलं आणि मग चप्पलसुद्धा न काढता तशीच खुर्चीवर बसून राहिले. माझी बहीण जाऊन तेव्हा दोनच महिने झाले होते.

चेष्टा नव्हती ती. सांगते.

आम्ही दोघीच बहिणी, भाऊ नाही. आमचं गाव डोंगराच्या खाली, सपाटीवर. ज्वारीचं चार एकर रान आणि शेळ्या. वडील लवकर गेले. आईनं दोन वर्षांत दोघींची लग्नं उरकली, आणि जणू तेवढ्यासाठीच थांबल्यासारखी तीही गेली. घर चुलत्यांकडं गेलं. आक्काला दिलं डोंगराच्या पलीकडच्या दरीत, मला अलीकडच्या. मधे डोंगराची एक सोंड, आणि त्या सोंडेत एक खिंड. एवढंच अंतर. खिंडीत उभं राहिलं की एका बाजूला तिच्या गावचे पत्रे चमकताना दिसायचे, दुसऱ्या बाजूला आमच्या गावातली चिंच. पण एसटीनं जायचं म्हटलं तर खाली बार्शीला उतरा, दुसरी गाडी धरा, सगळा दिवस त्यातच.

आता आमच्याकडची रीत अशी, की नागपंचमीला लेक माहेरी जाते ती आपली आपण उठून जात नाही. माहेराहून माणूस न्यायला यावं लागतं. त्याला मुराळी म्हणतात. भाऊ असतो, नाही तर चुलतभाऊ. मुराळी दारात आला की सासूला नाही म्हणता येत नाही, आणि आला नाही तर सुनेला जाते म्हणता येत नाही. माझ्या पहिल्या पंचमीला गल्लीतल्या सगळ्या सुना एकेक करून गेल्या. मी उंबऱ्यात बसून त्यांच्या पिशव्या मोजत होते. आम्हाला न्यायला कोण येणार?

आमच्या डोंगरात एक कासारीण यायची, बांगड्यांची. दोन्ही दऱ्यांतल्या गावांना तीच. तिनं माझा हात हातात घेतला, बांगडी चढवता चढवता हळूच म्हणाली, "तुझ्या बहिणीनं सांगावा दिलाय. पंचमीच्या दुसऱ्या दिवशी, ऊन कासराभर वर आलं की खिंडीत ये. म्हणली, मी तिची मुराळी, ती माझी."

सासूला सांगितलं. तिनं विचारलं, "कोण आलंय न्यायला?"

"आक्का येतीय. खिंडीपतोर."

सासू बराच वेळ तांदूळ निवडत राहिली. मग म्हणाली, "सांजच्या धारंला हजर पायजेस." आमच्याकडं तेव्हा दोन म्हशी होत्या.

निघाले. माझ्या बाजूची वाट तशी बरी. आधी ओढा, मग सीताफळीचं रान, मग मधे एक सपाट माळ आणि शेवटी थोडी अंगावरची चढण. श्रावणात ओढ्याला पाणी असायचं, बांधाला कुर्डू फुललेला, आणि माळावर पोरं गुरं घेऊन आलेली. आई सांगायची, डोंगर चढताना पायथ्याचा एक दगड उचलून घ्यावा आणि वर नेऊन ठेवावा, चढणीचा सगळा शीण त्या दगडात उतरतो. मी ओढ्यातली एक गारगोटी घेतली. वर गेले तर आक्का आधीच येऊन बसलेली, पदरानं वारा घेत.

"आलीस व्हय धाकले? मला वाटलं सासूनं जात्याला बांधून ठिवली."

आणि तिच्या पायापाशी एक काळा दगड. तिलाही आईचं तेच आठवलं होतं. तिच्या दरीत काळा दगड, माझ्या ओढ्यात पांढरी गारगोटी. दोन्ही शेजारी शेजारी ठेवले. साहेबांच्या फोटोतला ढीग तिथून सुरू झाला. पुढं जाणारे-येणारे गुराखीही दोन-दोन टाकत गेले.

तिथं आम्ही काय करायचो म्हणाल, तर माहेरी करतात ते सगळं. आक्का माझे केस सोडायची, तेल लावायची, विंचरायची. खिंडीत वारा इतका, की केस तिच्या हातात ठरायचे नाहीत. ती वाऱ्यालाच शिव्या घालायची. मग फडक्यातली दिंडं सोडायची. पंचमीला तवा ठेवत नाहीत, चिरत-कापत नाहीत, म्हणून पुरणाची ही उकडलेली दिंडं. दोन तिची, दोन माझी, वर ज्वारीच्या लाह्या. गाणी म्हणायची, सासवांच्या नकला करायची. तिची सासू नाकात बोलायची, ते ती अशी करायची की मला ठसका लागायचा. आणि निघताना एकमेकींची ओटी भरायची. मी मूठभर ज्वारी तिच्या ओटीत घालायची, तीच ज्वारी ती माझ्या ओटीत घालायची, दोघींची मिळून मूठ एकच.

दर वर्षी तीच आधी पोचलेली असायची. मी एकदा विचारलंच, "आक्का, तुला चढ लई लागत आसंल की गं?"

"छ्या. माझ्या अंगानं कुटला आलाय चढ. सपाट हाय. म्हशी चढत्यात वर. तुझंच लांब हाय."

"बघू तरी मग तुझी वाट," म्हणून मी कडेला जायला उठले, तर तिनं पदर धरून खाली बसवलं. "काय बघतीस तितं? माझ्या गावात बघण्यासारखी एक माझी सासू, आन ती आता झोपलीया."

मी बसले. बाळंतपणाची वर्षं सोडली तर चाळीसाच्या वर पंचम्या अशा गेल्या. दोघींच्या सासवा गेल्या, म्हशी गेल्या, धारेवर पवनचक्क्या आल्या. त्या पहिल्यांदा फिरताना बघून आक्का म्हणाली होती, "वारं पुरत न्हवतं म्हणून पंखं लावलं बघ सरकारनं."

मग माझे मालक वारले आणि मुलानं मला सोलापूरला आणलं. त्यानंतर गुडघ्याचं सुरू झालं, ऑपरेशन झालं, आणि चार वर्षं माझं खिंडीत जाणं झालं नाही. फोन व्हायचा. मी म्हणायची, तू तरी जाऊन ये. तर म्हणायची, "एकटीचं माहेर आसतंय व्हय कुटं?"

आता जे सांगायचंय ते सांगायला मला जड जातं.

परवाच्या नव्हे, त्याच्या आधीच्या श्रावणातली गोष्ट. आमच्या चुलतभावाच्या मुलानं गावाकडं जुनं घर पाडून नवं बांधलं. मोटारसायकलवरून तो थेट सोलापूरला माझ्या दारात आला. म्हणाला, "आत्या, पंचमीला यायचं. ह्या वेळी मुराळी आलाय म्हणून समज. थोरल्या आत्याला बी फोन केलाय."

सत्तरी गाठल्यावर माझ्या दारात पहिल्यांदा मुराळी आला. मी त्याला शिरा करून घातला. दुसऱ्याच दिवशी सूनबाईला घेऊन नवी पेठेत गेले आणि दोन साड्या घेतल्या, एक मला, एक आक्काला. तिला हिरवी आवडायची. दुकानदाराला उगाच सांगत सुटले, माहेरी जायचंय म्हणून. तोही हसून म्हणाला, "काकू, ह्या वयात?"

आठ दिवसांनी आक्काच्या मुलाचा फोन. माझा भाचा, त्याचंही वय पन्नाशीच्या पुढं, पण मला अजून अगं-तुगंच करतो.

"मावशे, आई म्हणतीय, पंचमीच्या दुसऱ्या दिवशी माहेरला ये. नक्की ये म्हणतीय."

"येणारच की. साडी सुदिक घेतलीय म्हणावं."

बघा, पंचमीच्या दुसऱ्या दिवशी. पहिल्या सांगाव्यापासूनचे तेच शब्द. मला तिथंच जाग यायला हवी होती. पण माझ्या डोक्यात नवं घर, नवी साडी, दारात आलेला मुराळी. मी म्हटलं, पंचमीला तिच्या घरी सण असेल, म्हणून ती दुसऱ्या दिवशी गावाकडं येत असेल. माहेर म्हणजे खिंड, हे सगळ्या जगात दोन माणसांना ठाऊक होतं, आणि त्यातलं एक विसरलं.

गेले गावाला. पंचमी झाली. भावजयीनं मानानं पाटावर बसवलं, चोळीचा खण दिला. दुसऱ्या दिवशी सकाळपासून मी ओट्यावर बसून होते, हिरव्या साडीची पिशवी मांडीवर. रस्ता समोरच. बार्शीकडून एकेक गाडी यायची, माणसं उतरायची, धूळ खाली बसायची. मी मनात म्हणत होते, येऊ दे, ह्या वेळी मी आधी पोचलेय.

चार वाजता भाच्याला फोन लावला. तो बार्शीला बाजारात होता.

"आरं, आक्का अजून आली न्हाय. कुटल्या गाडीला बसवलीस?"

"गाडीला?" तो म्हणाला. "मावशे, आई सकाळीच फडकं बांधून गेली की. तुला भेटाया. खिंडीत." आणि मग, "तू कुटं हायस?"

मी सांगितलं. तो नुसतं "बरं, मी बघतो" म्हणाला आणि फोन ठेवला. भावजय चहा घेऊन आली होती. मी तो प्यायले की नाही, आठवत नाही.

रात्री उशिरा त्याचा फोन आला, आई घरी आलीय, काळजी करू नको. दुसऱ्या दिवशी सकाळी ती स्वतः बोलली. मी रडायला लागले तर हसली.

"आगं, माझंच चुकलं की. मी माहेर म्हणले. खिंड म्हणायला पायजे हुतं."

"आक्का, तुला त्याचा फोन न्हवता आला व्हय? नव्या घराचा?"

"आला हुता की. मी म्हणलं, बाबा, माझं माहेर आता दुसरीकडं हाय. त्याला काय कळलं न्हाय." मग विचारलं, "कसं हाय नवं घर?"

"चांगलं हाय. फरशी लई गुळगुळीत."

"मग घसरलीस म्हण की."

तिनं टोमणा मारला असेल की सहज बोलली असेल, मला आजवर उमगलेलं नाही. मी म्हटलं, पुढल्या पंचमीला मी येते, गुडघा बरा आहे आता, आपण दोघी खिंडीत. तर ती म्हणाली, "व्हय व्हय, ये." तिचं "व्हय व्हय" मला चांगलं ठाऊक होतं. लहानपणी मी चंद्र मागितला तरी ती तसंच म्हणायची.

मार्गशीर्षात ती गेली. चूल पेटवायला वाकली आणि तशीच कलंडली. दहाव्याला भाच्याच्या बायकोनं मला बाजूला नेऊन सांगितलं, की ज्येष्ठातच डॉक्टर म्हणाले होते, हृदय थकलंय, एक पायरीसुद्धा चढायची नाही. घरात सगळ्यांनी बजावलं. तर आक्का म्हणाली, एकदा मला खिंडीत जाऊ द्या, धाकलीला भेटून येते, मग तुम्ही म्हणाल तितं बसून ऱ्हाते. म्हणून त्या दिवशी कुणी अडवलं नाही.

हिरवी साडी तिला शेवटची नेताना तिच्या अंगावर घातली होती. घडी मोडली ती अशी.

तो फोटो बघितल्यापासून माझ्या मनानं घेतलं होतं. ह्या श्रावणात पंचमी तिच्याच घरी केली. माझं अलीकडचं घर आता बंद असतं, म्हणून पहिल्यांदाच तिच्या बाजूनं चढायचं ठरवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी भाच्याच्या बायकोनं चार दिंडं बांधून दिली. भाचा तयार होईना.

"मावशे, ती चढण तुझ्या गुडघ्याला झेपायची न्हाय."

"आरं जा. तुमच्या अंगानं सपाट हाय. म्हशी चढत्यात."

तो माझ्याकडं बघत राहिला. "कुणी सांगितलं तुला?"

"तुझ्या आईनं. चाळीस वर्सं सांगत हुती."

त्यानं कोपऱ्यातली काठी घेतली आणि पुढं झाला.

गावाच्या मागं गेलं की लगेच डोंगर अंगावर येतो. ओढा नाही, माळ नाही, सीताफळीची सावली नाही. उभा काळा दगड, त्यात कुणी कधी काळी पाय ठेवायला खोबणी केलेल्या. मुळी धरून वर सरकायचं. म्हैस काय, शेळी बिचकेल. माझ्या हातात पायथ्याचा दगड होता, तो मी कधी कनवटीला खोवला कळलंच नाही, कारण दोन्ही हात लागत होते. दर दहा पावलांना थांबत होते. खाली बघवेना, वर बघवेना.

निम्म्यावर एक पाटासारखा सपाट दगड आला. भाचा म्हणाला, "बस. हा आईचा दगड. हितं बसायची ती." मग म्हणाला, "लहानपणी मला कळायचं न्हाय, आई त्या दिवशी अंधारातच का निघती. ऊन वर आल्यावर गेली तरी चाललं आसतं की. तर म्हणायची, धाकलीच्या आधी पोचून दम घ्याया पायजे. मी धापा टाकताना दिसले तर पुढल्या साली ती येयाची न्हाय."

मी त्या दगडावर बसले आणि गुडघा दाबत राहिले. पदरानं वारा घेणारी आक्का मला दर वर्षी दिसायची. तो वारा कशासाठी होता, ते मला आता कळत होतं.

खिंडीत पोचायला दुपार झाली. वारा तसाच. पलीकडं माझी वाट, माळ, सीताफळी, चिंच. ढीग फोटोत दिसतो त्याहून लहान वाटला. सगळ्यात वर एक काळा दगड होता आणि त्याला टेकून एक गारगोटी. चार वर्षं तर मी आलेच नव्हते. मी भाच्याकडं बघितलं.

तो उकिडवा बसला. "सांगणार न्हवतो. त्या दिवशी मी वर आलो तर आई हितं न्हवतीच. हाका मारल्या. तर तुझ्या वाटंनं वर येत हुती, हळूहळू, एक हात गुडघ्यावर. मधल्या माळापतोर गेली हुती. हातात माळावरचीच ही गारगोटी. म्हणलं, आई, ह्ये काय? तर म्हणली, धाकली काय आता येत न्हाय. तिचा दगड ऱ्हायलाय. तिचा शीण तिच्यापाशीच ऱ्हाईल मग."

दिंडांचं फडकं तिनं तसंच परत आणलं होतं, असंही तो म्हणाला. चारही.

मी कनवटीचा दगड काढला. तिच्या बाजूनं आले होते, तेव्हा तो काळाच होता. गारगोटीच्या दुसऱ्या अंगाला ठेवला. मूठभर ज्वारी आणली होती, ती ढिगावर ओतली. वाऱ्यानं त्यातली बरीच उडवली. मग फडकं सोडलं. दोन दिंडं मी घेतली, दोन भाच्याला दिली. त्यानं एक खाल्लं आणि दुसरं हातात धरून बराच वेळ तिकडं दरीकडं तोंड करून बसला.

उतरायच्या वेळी तो म्हणाला, "मावशे, तुझ्या अंगानं उतरू. खाली गाडी बोलावतो. सोपं हाय."

मी म्हटलं, "नको. हिच्याच वाटंनं."

उतरताना चढण्याहून जास्त वेळ लागला. धारेला हजर व्हायचं नव्हतं, कुणी वाट बघत नव्हतं. तिच्या दगडावर पुन्हा बसले. तिथून मागं वळून वर बघितलं तर खिंड दिसत नाही, मधे कडा येतो. धाकली येतेय की नाही, हे कळायला तिला वरची चढण चढूनच जावं लागायचं.